नियम सत्तावीस

"साहेब, तुम्ही बाहेर गेलात तर बोट गेली," सचिवबाई म्हणाल्या.

त्यांनी संध्याकाळच्या सभेची विषयपत्रिका माझ्यापुढे ठेवली होती आणि अकराव्या विषयावर पेन्सिलीने बारीक खूण केली होती. सचिवबाई शाईने खुणा करत नाहीत. सव्वीस वर्षांत मी त्यांना एवढी एकच गोष्ट शिकवली. बाकी सगळं त्यांनी मला शिकवलं.

"मतं मोजलीत?" मी विचारलं.

"मोजायची कशाला? तिघं इकडे, तिघं तिकडे. उपाध्यक्ष, मास्तर आणि गुरांचे डॉक्टर बोटीच्या बाजूने. बाकीचे तिघं म्हणतात, नवा पूल झालाय, आता बोट कशाला. तुम्ही खुर्चीत असलात तर निर्णायक मत तुमचं. नसलात तर मतं समसमान, आणि समसमान म्हणजे ठराव पडला. बोटीचा परवाना एकतीसला संपतो."

"म्हणजे परवा."

"म्हणजे परवा."

"नियम सत्तावीस, बाई."

"मला पाठ आहे तो," त्या म्हणाल्या. "टाइप मीच केला होता."

मी धंद्याने वकील. जिल्हा मंडळाचा अध्यक्ष झालो तो एका खडीच्या कंत्राटामुळे. तेव्हाच्या अध्यक्षांनी रस्त्याच्या खडीचं काम आपल्या भाच्याला दिलं होतं आणि भाच्याने रस्त्यावर खडीपेक्षा माती जास्त टाकली होती. गावकऱ्यांचा दावा मी चालवला आणि जिंकला. मग त्याच लोकांनी मला निवडणुकीला उभं केलं. निवडून आल्यावर पहिल्या महिन्यात मी जे लिहिलं ते नियम सत्तावीस. एकच वाक्य आहे: ज्या विषयात सदस्याच्या जवळच्या नातेवाइकाचा लाभ अथवा हानी असेल, त्या विषयाच्या वेळी सदस्याने सभागृहाबाहेर जावे. लहान वाक्य लिहायला वेळ लागतो. त्या वाक्याला मला तीन रविवार लागले होते.

त्यानंतर सहा निवडणुका झाल्या. रस्ते झाले, तीन दवाखाने झाले, जुन्या जमिनींचे नकाशे नीट लावून झाले. सकाळी वकिली, दुपारनंतर मंडळ. लोक मला वकीलसाहेब म्हणतात. अध्यक्षसाहेब म्हणणारा माणूस हटकून काहीतरी मागायला आलेला असतो.

बोट चालवतो तो माझा सख्खा भाऊ. दादा.

नदीच्या पलीकडे तीनशे घरांची वस्ती आहे. चौथीपर्यंत शाळा आहे, दवाखाना नाही. पूल झालाय, पण अठरा किलोमीटर वर. त्या वाटेने यायचं तर दोन बस बदलून सव्वा तास लागतो. बोटीने अकरा मिनिटं. पूर्वी बोट आमच्या वडिलांची होती. ते गेले तेव्हा दादा एकोणीस वर्षांचा आणि मी बारा. पुढे बोट मंडळाने घेतली आणि दादाला चालक म्हणून नेमलं, ते मी राजकारणात यायच्या कितीतरी आधी. माझी शाळा अलीकडे, कॉलेज अलीकडे, सगळा अभ्यास बोटीच्या केबिनमध्ये. एकदा तेराव्या वर्षी मी एका उतारूशी तिकिटावरून वाद घातला आणि जिंकलो. दादा म्हणाला, "आला मोठा वकील." त्यानंतर त्याने मला कधी नावाने हाक मारली नाही. मी खरोखरच वकील झालो तेव्हा त्याला काही विशेष वाटलं नसावं. तो म्हणत होताच.

दादाने लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचा, "दर तासाला निघावं लागतं. थांबणार कोण माझ्यासाठी?"

"साहेब," सचिवबाई म्हणाल्या, "आक्षेप कोणीही घेणार नाही. मी विचारून बघितलंय. विरोधातले तिघंसुद्धा म्हणाले, साहेब बसणार असतील तर बसू देत. सात महिन्यांपूर्वीचं सगळ्यांच्या मनात आहे."

सात महिन्यांपूर्वी माझी बायको गेली. शुक्रवारी गेली आणि सोमवारी सभा होती. मी सभा चालवली. लोक म्हणाले, माणसाचं काळीज घट्ट आहे. काळजाचं मला माहीत नाही. त्या दिवशी कोरम पूर्ण होता आणि माझ्यासमोर चौदा विषय होते. तेव्हापासून मला काही होत नाही. भूक लागते, झोप लागते, दाढी करतो, कोर्टात उभा राहतो. रडू येईल म्हणून मी पहिले काही दिवस वाट पाहिली. रविवारी दुपारी मुद्दाम घरी थांबलो. मग तेही सोडून दिलं. तहकूब केलेला विषय पुन्हा पटलावर यायला कोणीतरी सुचवावा लागतो. मला सुचवणारं घरात कोणी नव्हतं.

"मी बाहेर जाईन," मी म्हणालो.

सचिवबाईंनी विषयपत्रिका उचलली. पेन्सिलीची खूण खोडली नाही.

दुपारी मला पलीकडे काम होतं. पोस्टातून निवृत्त झालेल्या एक बाई दीड वर्षापासून अंथरुणावर होत्या आणि त्यांना मृत्युपत्रावर सही करायची होती. मी बाराच्या बोटीला गेलो.

बोटीत पंधरा-सोळा माणसं होती. दवाखान्यातली नर्सबाई बॅग मांडीवर घेऊन बसली होती. एक आजोबा आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करून घ्यायला अलीकडे येत, ते परत चालले होते. त्यांचा जावई त्यांच्या पाठीला हात लावून बसला होता.

"वकीलसाहेब, आज तुमच्यावर आहे सगळं," नर्सबाई म्हणाली. "पुलावरून यांना आणायचं म्हणजे अर्ध्या वाटेत परत न्यायची वेळ येईल."

मी मान हलवली. मान अशी हलवायची की होकार दिला असं कोणी म्हणू नये आणि नकार दिला असंही म्हणू नये. राजकारणात माझ्या पदरात दुसरं काही पडलं असेल-नसेल, ही मान पडली.

मी केबिनमध्ये गेलो. दादा चाकावर होता. सत्तरीच्या पुढच्या माणसाला मंडळ चालवू देतं याचं बाहेरच्यांना नवल वाटतं, पण दरवर्षी डॉक्टर त्याला तपासतात आणि दरवर्षी डॉक्टरांचाच रक्तदाब जास्त निघतो. खाली इंजिनवाला होता. चाळिशीचा, अबोल माणूस, बारा वर्षं दादाच्या हाताखाली.

"जेवलास?" दादाने विचारलं.

"नंतर."

"नंतर म्हणजे नाहीच. डब्यात आहे बघ."

मी डबा उघडला नाही. थोडा वेळ इंजिनाचा आवाज ऐकत राहिलो.

"दादा, आज अकराव्या विषयाला मी बाहेर जाणार आहे."

"का?"

"तू मंडळाच्या पगारावर आहेस आणि माझा भाऊ आहेस. नियम आहे तसा."

"कोणी केला?"

"मी."

"चांगला केलायस?"

मी विचार केला. "हो," मी म्हणालो.

"मग झालं तर," दादा म्हणाला आणि चाक जरासं डावीकडे घेतलं. मधल्या वाळूला बोट तिथे वळसा घालते. पाण्यावर काहीच दिसत नाही. दादाला दिसतं.

"बाहेर म्हणजे कुठे जाणार?"

"दाराबाहेर बाक आहे."

"आणि मी पगारावर नसतो तर?"

"तर बसलो असतो आत. पण तू आहेस ना."

"हं," दादा म्हणाला.

माझं आयुष्य साक्षीदारांना प्रश्न विचारण्यात गेलं. साक्षीदार उलटा प्रश्न विचारतो तेव्हा त्याच्या मनात काहीतरी ठरलेलं असतं, हे मी ज्युनियर वकिलांना शिकवत आलो. त्या दिवशी ते माझ्या कानावर पडलं आणि तसंच पुढे गेलं.

"पाच महिने राहिलेत माझे," थोड्या वेळाने दादा म्हणाला. "खालचा हा चालवेल मग. हात चांगला आहे त्याचा. पाणी वाढलं की जरा बिचकतो, पण येईल ते. बोट राहिली पाहिजे फक्त."

"राहिली पाहिजे," मी म्हणालो. धक्का जवळ आला होता आणि धक्क्याला लावताना बोललेलं दादाला चालत नाही.

पोस्टातल्या बाईंनी मृत्युपत्र मला तीनदा वाचायला लावलं. घर भाचीला, शिवणयंत्र शेजारणीला. सही करून झाल्यावर म्हणाल्या, "बोट बंद झाली तर मला मरायची घाई करावी लागेल. पुलावरून मृत्युपत्र घेऊन कोण येणार?"

"मी येईन," मी म्हणालो.

"तुम्ही याल हो. तुमचं काय, तुम्ही सगळीकडे जाता."

त्या चांगल्या मनाने म्हणाल्या. परतीच्या बोटीत मला ते वाक्य पुन्हा आठवलं. मी सगळीकडे जातो हे खरं होतं.

साडेचारला सभा होती. सव्वाचारला पलीकडचे लोक आले. वीस-पंचवीस जण, स्वच्छ कपडे घालून, कोर्टात येतात तसे. दादाही आला. त्या दिवशी पाचची फेरी नव्हती; बोट धक्क्याला बांधून, इंजिनवाल्याला तिच्यावर ठेवून तो सहाच्या फेरीपर्यंत मोकळा होता. धुतलेला सदरा, वरचं बटण लावलेलं. मागच्या बाकावर भिंतीला टेकून बसला. सव्वीस वर्षांत तो माझ्या सभेला कधी आला नव्हता.

आत जाण्यापूर्वी गुरांच्या डॉक्टरांनी मला दाराशी गाठलं. मंडळावर ते माझ्याइतकेच जुने. सोळा वर्षांपूर्वी एका लहानशा शाळेचा विषय आला होता. शाळा चालू ठेवायची की शेजारच्या गावातल्या शाळेत विलीन करायची, असा. त्या शाळेवर त्यांची बहीण शिकवत होती. डॉक्टर आपल्या खुर्चीत बसून होते. मी म्हणालो, "डॉक्टर, नियम सत्तावीस." ते उठून बाहेर गेले. शाळा एका मताने गेली. बहिणीला दूरच्या गावी नेमलं आणि दोन वर्षांत तिने नोकरी सोडली. डॉक्टर त्याबद्दल माझ्याशी कधी बोलले नाहीत.

"अध्यक्ष," ते म्हणाले, "मी आक्षेप घेणार नाही. बसा तुम्ही."

"डॉक्टर, त्या वेळी..."

"ते जाऊ द्या. बोटीची गरज आहे. परवाच मी एका गाईसाठी पलीकडे गेलो, पुलावरून गेलो असतो तर वासरू हाती लागलं नसतं. मी सांगतोय ना, आक्षेप नाही."

त्यांनी आक्षेप घेतला असता तर बरं झालं असतं. तसं मी त्यांना म्हणालो नाही. "आभारी आहे," म्हणालो.

पहिले दहा विषय पाऊण तासात झाले. विहिरींची दुरुस्ती, दोन नेमणुका, बाजारातली गटारं. सचिवबाई वाचत होत्या, हात वर होत होते, मी मोजत होतो. मग त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "विषय क्रमांक अकरा. प्रवासी बोट पुढील पाच वर्षं चालू ठेवणे."

मी उभा राहिलो. "या विषयाला अध्यक्षस्थानी उपाध्यक्ष असतील," मी म्हणालो. "नियम सत्तावीसप्रमाणे मी..."

मागच्या बाजूला गलबला झाला. पलीकडच्या लोकांना नियम माहीत नव्हता. त्यांना एवढंच दिसलं की अध्यक्ष उठून चाललेत. नर्सबाई उभी राहिली. "साहेब, असं कसं?" तिच्यामागे कोणीतरी म्हणालं, "घरचाच माणूस पाठ फिरवतोय."

"थांब वकील," दादा म्हणाला.

तो बाकांच्या मधल्या वाटेने पुढे आला. बोटीवर चालायची सवय असलेली माणसं जमिनीवर जरा फाकून चालतात. त्याने वरच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला आणि मला दिला. बोटीच्या फेऱ्या लिहायच्या वहीतलं पान होतं. त्यावर त्याच्या मोठ्या, वेगळ्या वेगळ्या अक्षरांत लिहिलं होतं: मी आजपासून बोट सोडतो. खाली सही.

"हे काय?" मी विचारलं.

"तुझ्या नियमाला माझी अडचण आहे ना? मग अडचण काढून टाकली. आता मी पगारावर नाही. बस तू."

"दादा, पाच महिने राहिलेत तुझे."

"पाच महिन्यांत काय, नदी उलटी वाहणार होती? आज गेलो काय आणि पाच महिन्यांनी गेलो काय. यांना रोज जायचंय."

सचिवबाई माझ्याकडे पाहत होत्या. तिथे दुसऱ्या कोणाचा भाऊ असता तर त्या माणसाने काय केलं असतं, हे मला सांगता येणार नाही. मिठी मारली असती, कागद फाडला असता. मी कागद पुन्हा वाचला. माझ्यासमोर एक दस्तऐवज होता आणि तो सदोष होता.

"असं चालणार नाही," मी म्हणालो. "'बोट सोडतो' याला काही अर्थ नाही. 'सेवेचा राजीनामा देत आहे' असं लिही. 'तात्काळ अमलात यावा' असं लिही. खाली तारीख घाल."

तो सचिवबाईंच्या टेबलावर वाकला. त्यांनी त्याला पेन दिलं.

"तात्काळ कसं लिहायचं?" त्याने मान वर न करता विचारलं.

मी सांगितलं. त्याने लिहिलं.

"वेळही घाल."

"किती वाजले?"

"पाच वाजून सतरा मिनिटं."

त्याने तेही लिहिलं. आकडे त्याने पटकन आणि छान लिहिले. आयुष्यभर त्याने तेच लिहिलं होतं.

"सेवकाचा राजीनामा स्वीकारण्याचा अधिकार सचिवांना आहे," मी सभेला सांगितलं. "त्यात माझा काही संबंध असता कामा नये. मी बाहेर थांबतो."

दाराबाहेरच्या बाकावर मी त्याआधी कधी बसलो नव्हतो. तो फार बुटका आहे. बसलं की गुडघे पोटाशी येतात आणि समोरच्या खिडकीतून फक्त आभाळ दिसतं. अर्ज घेऊन येणारी माणसं त्याच्यावर बसून माझी वाट पाहत असत, कधी तास, कधी दोन तास. कोणी तक्रार केली नव्हती. मी तिथे चार मिनिटं बसलो. हे सगळं नियमाच्या अक्षरात बसत होतं. आशयात बसतं का, याचा विचार करायला हवा होता. विरुद्ध बाजूचा वकील असतो तर त्यावर मी अर्धा तास बोललो असतो. मी बसून राहिलो. छातीवर हात ठेवून पाहिला. ठोके नेहमीसारखेच पडत होते.

सचिवबाई दारात आल्या. "स्वीकारला," त्या म्हणाल्या. "निवृत्तिवेतनाला धक्का लागत नाही, तेही बघितलं. या आत."

मी खुर्चीत बसलो. "कोणाचा आक्षेप?" मी विचारलं. कोणाचाच नव्हता. बाजूने तीन हात, विरोधात तीन. मी माझा हात वर केला आणि माझा मीच मोजला.

"ठराव मंजूर."

पलीकडच्या लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग त्यांना भिंतीशी उभा असलेला दादा दिसला आणि टाळ्या एकेक करून थांबल्या. दादाने त्यांच्याकडे पाहून मान हलवली. "चला, सहाची फेरी चुकेल," असं काहीतरी म्हणाला असावा, कारण सगळे उठून त्याच्यामागून बाहेर गेले. रक्त शुद्ध करून घेणाऱ्या आजोबांचा जावई दाराशी थांबला, वळला आणि मला नमस्कार केला. मीही केला.

गुरांचे डॉक्टर माझ्या उजव्या हाताला बसतात. ते कागद सारखे करत होते.

"माझ्या बहिणीला हे सुचलं नाही," ते हळूच म्हणाले.

"मलाही सुचलं नव्हतं," मी म्हणालो.

ते खरं होतं. त्यांना द्यायला माझ्याकडे तेवढंच होतं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुढचा कागद वर घेतला.

"विषय क्रमांक बारा," सचिवबाई म्हणाल्या.

बारावा विषय रस्त्यावरच्या दिव्यांचा होता. तेराव्याच्या मध्येच सहाच्या बोटीचा भोंगा झाला. नंतर चौदा, पंधरा, सोळा. मी एकही विषय तहकूब केला नाही.

सात वाजता बाहेर पडलो तर दादा पायरीवर बसला होता.

"तू गेला नाहीस?"

"नाही."

"का रे?"

"मी बोटीत असतो तर तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला असता. पहिली फेरी ज्याची त्याला करू द्यावी." तो गुडघ्यावर हात टेकून उठला. "नीट लावली त्याने. इथून कळलं आवाजावरून. तुझ्याकडे झोपायला जागा आहे ना?"

"जागाच जागा आहे," मी म्हणालो.

आम्ही चालत घरी आलो. वाटेत दोघाचौघांनी दादाला थांबवलं. बातमी आमच्यापुढे धावली होती. औषधाच्या दुकानातून उपाध्यक्ष बाहेर आले आणि त्याचा हात दोन्ही हातांत धरून उभे राहिले. दादाच म्हणाला, "अहो, मी मेलो नाही. नोकरी सोडलीय." माझ्याशी कोणी फारसं बोललं नाही. एकजण म्हणाला, "साहेब, तुम्ही पण कमाल केलीत." कोणती, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

घरी मी भात टाकला. दादाने कांदा चिरला. जेवताना त्याने विचारलं, "ती असताना हे ताट इथेच ठेवायचास का तू?"

"तीच ठेवायची. मी जेवायचो."

"मग आता?"

"आता उभ्यानेच जेवतो बहुतेक. ओट्यापाशी."

दादाने भात संपवला आणि स्वतःचं ताट धुतलं, मग माझंही.

"दादा," मी म्हणालो, "मी त्या कागदात चुका काढायला नको होत्या."

"चुका होत्या ना?"

"होत्या."

"मग?" तो ताट पुसत म्हणाला. "चुकीचा राजीनामा देऊन बोट घालवायची होती का? तू वाचलास म्हणून तो कागद टिकला. माझ्या एकट्याच्या अकलेने नसता टिकला." त्याने ताट जागेवर ठेवलं. "तुला शिकवलं कशाला मग?"

एकावन्न वर्षांत हे वाक्य तो प्रथमच बोलला. त्याचं मला काहीतरी व्हायला हवं होतं. मी थांबलो, त्याच्यासाठी जागा करून थांबलो. "अंथरूण घालतो," मी म्हणालो.

सकाळी स्वयंपाकघरातल्या आवाजाने जाग आली. उजाडलं होतं. दादा टेबलापाशी बसला होता. अंघोळ झालेली, भांग पाडलेला, सदऱ्याचं वरचं बटण लावलेलं, पायात बूट, नाड्या घट्ट बांधलेल्या. बायकोच्या खुर्चीत बसला होता. त्या खुर्चीत सात महिन्यांत कोणी बसलं नव्हतं. ते त्याला माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नाही. चहा त्याने केला होता. दोन कप भरून ठेवले होते. मी दुसऱ्या खुर्चीत बसलो, खूप दिवसांनी.

"कुठे निघालास?" मी विचारलं.

"कुठे नाही," तो म्हणाला. "जाग आली, तयार झालो."

आम्ही चहा प्यायलो. नदीवरून भोंगा ऐकू आला. दादाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"दोन मिनिटं उशीर," तो म्हणाला. मग थोडा वेळ कान देऊन बसला. "होईल बरोबर. आठवडाभर लागेल."

"हो."

इंजिनाचा आवाज धक्क्यापासून सुटला, मधल्या वाळूपाशी जरा मंद झाला, पुन्हा वाढला आणि मग ऐकू येईनासा झाला. दादाने कप बाजूला सरकवला. खाली वाकून त्याने आधी उजव्या बुटाची नाडी सोडली, मग डाव्या. दोन्ही बूट काढून त्याने टेबलाखाली एकमेकांना लावून ठेवले.